कोपऱ्यात दिवा नको

हवाना, ८ सप्टेंबर २००३

ती. स्व. वेन्सेमामांना,
दायामीचा सा. न. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही मामीला नक्की म्हणाल की पोरीला काहीतरी हवं असणार, त्याशिवाय ती लिहायची नाही. खरंच हवंय. आधी खुशाली सांगते. मी बरी आहे, आईचा गुडघा बरा नाही आणि वसतिगृहात रोज काळ्या घेवड्याचा भात. मामीच्या हातच्या उकडलेल्या युकाच्या कंदांची आठवण येते.

आता काम. हे माझं शेवटचं वर्ष. पदवीसाठी प्रत्येकाला काहीतरी नवं घडवून सतरा डिसेंबरला परीक्षकांपुढे मांडायचं असतं. वर्गातले काहीजण खुर्च्या करतायत, एकजण प्रेशर कुकरचं झाकण करतोय. मी छपाईची अक्षरं करणार आहे, अख्खी अक्षरमाला, आणि तीही तुमच्या मनोऱ्यावरच्या दिव्यांच्या अक्षरांवरून. सरांना सांगितलं की माझा मामा चाळीस वर्षं गावच्या चौकातल्या नाताळच्या मनोऱ्यासाठी बल्बांची अक्षरं करतो. ते म्हणाले की अशी अक्षरं कोणी कागदावर उतरवलेली त्यांनी तरी पाहिलेली नाहीत. चौकात आपल्या खेकड्यांच्या आळीच्या मनोऱ्यासमोर बगळ्यांच्या आळीचाही मनोरा असतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. उगाच कशाला त्यांचं नाव मोठं करा?

तेव्हा तुमच्या जुन्या अक्षरांचे नमुने पाठवा. पातळ कागदावर दिव्यांच्या जागा टिंबांनी दाखवल्यात तरी चालेल. रेमिहिओची बस गुरुवारी आणि सोमवारी असते, त्याच्याकडे द्या. तो पेरूच्या वड्या वाटेत खातो, कागद खाणार नाही.

मामीला नमस्कार. रागावला असाल तरी माया कमी करू नका.
तुमची,
दायामी


सांता रुफिना, १९ सप्टेंबर

चि. दायामीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने वाचून दाखवलं, कारण माझा चष्मा कुठेतरी पडलाय. पत्र ऐकून मी पहिल्यांदा नाहीच म्हणालो. दिव्याचं अक्षर दिव्याचंच असतं. कागदावर ते काय करणार, सरबताच्या बाटलीवर बसून घाम गाळणार? पण मामी म्हणाली की एवढी शिकलेली पोर तुमच्याकडे मागतेय, आणि तुम्हाला भाव खायला सुचतंय. तेव्हा पाठवतोय.

एकच गोष्ट ध्यानात ठेव, बाकी सगळं नमुन्यात आहे. दोन रेघा जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात दिवा लावायचा नाही. नवशिका पहिला दिवा नेमका तिथेच लावतो. जवळजवळ आलेले दिवे लांबून एकच गोळा दिसतात आणि अक्षराचा लाडू होतो. कोपरा रिकामा सोड. बघणाऱ्याचा डोळा ती रेघ फुकटात जोडतो, त्यासाठी बल्ब कशाला खर्च करायचा? त्र्याण्णव सालच्या टंचाईत सगळ्या आळीत मिळून साठ बल्ब होते. त्या साठांत मी गावाचं नाव लिहिलं आणि बगळे तोंड उघडं टाकून बघत राहिले.

जुन्या नमुन्यांबरोबर यंदाची अक्षरंही पाठवतोय. उंच आणि सडपातळ, अशी याआधी केली नव्हती. पाठवू की नको, याचा दोन दिवस विचार केला. ही कोणाला दाखवू नकोस. चोवीस तारखेच्या संध्याकाळी मनोऱ्यावरचा पडदा खाली पडायच्या आत बगळ्यांच्या नजरेला पडलं की ते जळालं, आणि जळालेली वस्तू खेकडे मनोऱ्यावर चढवत नाहीत, हे तुला दूधपित्या वयापासून ठाऊक आहे.

आशीर्वाद मागितले नाहीस तरी आहेतच.
तुझा मामा,
वेन्सेस्लाओ


हवाना, १४ ऑक्टोबर

ती. स्व. वेन्सेमामांना,
सा. न. वि. वि.

नमुने पोचले. रात्री वीज गेल्यावर मेणबत्तीपुढे धरून बघितले, आणि शेजारच्या खाटेवरची मुलगी म्हणाली की ही देवाचं नाव घेत नाही ती नाही, वर कागदाला हात जोडते.

तुमचा कोपऱ्याचा नियम सरांना सांगितला, तर ते उठून उभेच राहिले. छपाईतही तेच दुखणं असतं. बारीक अक्षरात, दोन रेघा मिळतात तिथे शाई साचते आणि कोपरा बुजतो. म्हणून जाणती माणसं तिथे मुद्दाम थोडी जागा कोरून काढतात. म्हणजे तुम्ही उजेडासाठी केलंत तेच ते शाईसाठी करतात, आणि दोघांची कधी गाठ नाही. मी तुमच्या टिंबांवरून रेघा धरल्या, कोपरे उघडे ठेवले आणि अगदी मुंगीएवढ्या आकारात छापून बघितलं. स्वच्छ वाचता येतं.

दोन शंका. ‘के’ आणि ‘डब्ल्यू’ नमुन्यांत नाहीत. चाळीस वर्षांत गावाला त्यांची गरज पडली नाही असं दिसतं, पण मला पडणार आहे. ते मी माझ्या मनाने करू का? आणि दुसरी. जुन्या अक्षरांत दोन दिव्यांमध्ये दोन बोटांचं अंतर आहे. अलीकडच्या दोन-तीन वर्षांत ते वाढत वाढत यंदा चार बोटांवर गेलंय. बल्ब कमी पडले, की यात काही युक्ती आहे? मला परीक्षेच्या अहवालात लिहायचंय म्हणून विचारते.

चष्मा सापडला का? मायेचं माप पूर्वीएवढंच ठेवा.
तुमची,
दायामी


सांता रुफिना, २६ ऑक्टोबर

चि. दायामीस,
तुझ्या मामीचे आशीर्वाद.

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहितेय. तुझी दुसरी शंका ह्यांना वाचून दाखवली तेव्हा हे उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेले, आणि दाणे तर सकाळीच टाकले होते. ‘के’ आणि ‘डब्ल्यू’ खुशाल कर म्हणाले. दुसऱ्याचं उत्तर मीच देते.

चष्मा पडलेला नाही, पोरी. चष्म्याचा आता उपयोग नाही. सत्याऐंशी साली दारूकामाची ठिणगी डोळ्यांत गेली होती ना, तिचे डाग पसरत गेले आणि दोन्ही बुबुळं गढूळ झाली. सांता क्लाराच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की या वयात फारसं करण्यासारखं नाही. दिवसा ह्यांचं भागतं. पण दिवा बघितला की तो फुलतो आणि शेजारच्या दिव्यात मिसळतो. गेल्या वर्षी पडदा पडला तेव्हा ह्यांना आपलीच अक्षरं वाचता आली नाहीत. लोक टाळ्या वाजवत होते म्हणून हेही वाजवत होते. घरी येऊन मला सांगितलं.

म्हणून ते अंतर. यंदा देवळाच्या पायरीवर उभं राहून आपलं अक्षर एकदा आपल्या डोळ्यांनी वाचायचं, मग आळीला सांगून मनोऱ्याच्या शेडची किल्ली देऊन टाकायची, असं ह्यांनी मनाशी धरलंय. आधी कळलं तर अरिस्तिदेस किल्ली काढून घेईल. आळीचा प्रमुख म्हणून त्याचंही बरोबरच आहे, आंधळ्या माणसाला चाळीस फूट शिडीवर कोण चढू देईल?

तू कुठे बोलू नकोस. पत्र फाडून टाक. आईला गुडघ्याला एरंडेल चोळायला सांग.
माया आहे, ती विचारू नकोस.
मामी


हवाना, २० नोव्हेंबर

ती. स्व. वेन्सेमामांना,
सा. न. वि. वि.

आज मी इतकी खूश आहे की शब्द नीट लागत नाहीत. आमच्या विभागात सगळ्यांची अर्धी झालेली कामं भिंतीवर लावली होती, आणि माझ्या भिंतीपुढे सगळ्यात जास्त गर्दी. तुमची जुनी अक्षरं एका बाजूला, माझी छपाईची दुसऱ्या बाजूला. मध्ये तुमची उंच अक्षरं टिंबांसकट लावली, कारण अंतर कसं वाढत गेलं ते त्याशिवाय दिसत नव्हतं. घाबरू नका. मनोरा कसा आहे, त्यावर काय लिहिणार, यातलं मी काही लावलेलं नाही. नुसती सुटी अक्षरं. हवानात कोणाला काय कळतंय?

छपाईखोलीतल्या ग्रासिएलाबाई तर अर्धा तास उभ्या होत्या. त्यांचं सासर आपल्याच बाजूचं निघालं. त्यांनी एक प्रत मागितली, सासऱ्यांना आवडेल म्हणून. मी आनंदाने दिली. आपल्या माणसांना आपलं काम आवडलं की वेगळंच वाटतं.

चोवीसला मी येतेच. पायरीवर तुमच्याशेजारी जागा धरून ठेवा.
कौतुक करायला काटकसर करू नका, लोभ तर करूच नका.
तुमची,
दायामी


सांता रुफिना, २ डिसेंबर

चि. दायामीस,
मामीचे आशीर्वाद.

जे घडलं ते सरळ सांगते. रविवारी संध्याकाळी दोन्ही आळ्या घंटा-ढोल घेऊन फेरीला निघाल्या, दरवर्षीसारख्या. चौकात गाठ पडली. आपल्या पोरांनी बगळ्यांना विचारलं की यंदा तरी मनोरा सरळ उभा राहणार का, की पुन्हा दोरीने बांधणार. बगळे हसले, बाजूला झाले, आणि मागून त्यांनी गाडीवर एक फळी आणली. तीस-पस्तीस दिवे. खेकड्यांनो, अजून झोपा, असं लिहिलेलं. आणि पोरी, अक्षरं आपली होती. ह्यांची उंच अक्षरं, चार बोटांच्या अंतराची, जशीच्या तशी.

आपल्याकडचे ढोल थांबले. ह्यांना फळी वाचता आली नाही. माझा दंड धरून विचारत होते की सगळे गप्प का झाले. मला सांगावं लागलं.

त्याच रात्री शेडमध्ये आळी बसली. अक्षरं जळाली, आता ती चढवायची नाहीत, यावर कोणी वादच घातला नाही. मग प्रश्न निघाला की बाहेर गेली कशी. सगळे एकमेकांकडे बघत होते. तेव्हा हे उठले आणि म्हणाले की नमुन्याचा कागद मीच न्हाव्याच्या दुकानात विसरलो. अरिस्तिदेसने मान खाली घालून हात पुढे केला आणि ह्यांनी किल्ली दिली. एकोणीस वर्षं ती ह्यांच्या खिशात होती.

हे चार महिन्यांत न्हाव्याकडे गेलेले नाहीत, केस मी कापते. तुझं विसाव्या तारखेचं पत्र ह्यांना मी वाचून दाखवलं होतं. तेव्हा ह्यांनी फक्त ग्रासिएलाबाईंचं आडनाव काय असेल, सासर बगळ्यांपैकी तर नव्हे ना, असं विचारलं. म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं. हे तुला कधी लिहिणार नाहीत म्हणून मी लिहितेय. शिव्या द्यायच्या होत्या, पण लिहिता लिहिता राहून गेल्या.
मामी


सांता रुफिना, २ डिसेंबर

चि. दायामीस,
अनेक आशीर्वाद.

हे शेजारच्या मुलीकडून लिहून घेतोय, मामीला सांधेदुखीने लिहायला जमत नाही. इकडे सगळं उत्तम. मनोऱ्याचं काम जोरात चाललंय. तुझ्या भिंतीपुढे गर्दी झाली हे ऐकून बरं वाटलं.

यंदा मात्र तू येऊ नकोस असं वाटतं. गाड्यांना फार गर्दी असते, आणि तुझी परीक्षा तोंडावर. पुढच्या वर्षी ये. ‘के’ कसा केलास ते कळव, मला राहून राहून त्याचीच उत्सुकता आहे.
जीव लावून काम कर.
तुझा मामा,
वेन्सेस्लाओ


हवाना, ४ डिसेंबर

श्री. अरिस्तिदेस यांस,
स. न. वि. वि.

मी वेन्सेस्लाओ यांची भाची. तुम्ही मला नावेत बसवून खारफुटीत खेकडे धरायला नेलं होतं, तेव्हा मी सात वर्षांची होते.

अक्षरं न्हाव्याच्या दुकानातून गेलेली नाहीत. ती मी भिंतीवर लावली आणि एक प्रत माझ्या हाताने दिली. कोणाला दाखवू नकोस असं मामांनी मला स्पष्ट लिहिलं होतं. सुट्या अक्षरांवरून कोणाला काही कळणार नाही असं मला वाटलं. सांता रुफिनात वाढलेल्या मुलीला असं वाटावं, याची मला लाज वाटते. हे पत्र तुम्ही आळीपुढे मोठ्याने वाचा, माझी हरकत नाही. मामा खोटं बोलले ते मला झाकण्यासाठी. किल्ली त्यांना परत द्या.

दिवस वीस उरलेत. आळीची तयारी असेल तर मी नवी अक्षरं काढून देते. ती माझ्याखेरीज कोणी बघितलेली नसतील. माझ्या शिक्षकांनीही नाही. सोमवारच्या बसने बंद पाकीट पाठवेन. ती मी काढलीत हे मामांना कळू देऊ नका, एवढी एकच विनंती. ते नाही म्हणतील.

कळावे. लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागते.
दायामी


हवाना, ४ डिसेंबर

प्रिय मामीस,
सा. न.

मी काय केलं हे मला कळलंय. रडून झालं. आता तुझी मदत हवी.

सोबत पुठ्ठ्याचे तीन तुकडे आहेत. प्रत्येकावर एक अक्षर भोकांनी पाडलंय, आणि तिन्हींत भोकांमधलं अंतर वेगळं आहे. अंगणात तिन्हीसांजेला कंदिलापुढे एकेक धर आणि मामा वीस पावलांवर असताना काहीतरी निमित्त काढून विचार की हे काय दिसतंय. त्यांनी कोणतं ओळखलं तेवढंच लगेच कळव. निरोप रेमिहिओजवळ तोंडी दिलास तरी चालेल.

आणखी एक, हे तुझ्यापाशीच ठेव. नवी अक्षरं चोवीसपर्यंत कोणाला दाखवता येणार नाहीत, आणि आधीची बगळ्यांनी चौकात नाचवल्यावर ती माझ्या नावाने मांडायची मला इच्छा नाही. म्हणून सतराची परीक्षा मी सोडतेय. पुढची जुलैत. आईला अजून सांगितलेलं नाही.
मला धरून ठेव.
दायामी


सांता रुफिना, ११ डिसेंबर

चि. दायामीस,
मामीचे आशीर्वाद.

निरोप रेमिहिओने दिला असेलच, तरी सविस्तर लिहिते. मी ह्यांना सांगितलं की कंदिलाला वाऱ्यासाठी झाकण करतेय. पहिला पुठ्ठा धरला तर म्हणाले चंद्र. दुसऱ्याला म्हणाले की भोकं कमी पाड, धूर कोंडेल. तिसरा धरला आणि हे मान तिरकी करून बघत राहिले. मग म्हणाले की झाकणाला ‘आर’ कशाला हवा? मी पटकन आत गेले.

तुझं पत्र अरिस्तिदेसने वाचलं. दोघातिघांनी तुझं नाव घेऊन बरंच काही म्हटलं, ते लिहीत नाही. शेवटी म्हातारा बेनिग्नो म्हणाला की आपलेच दात आणि आपलेच ओठ, किती वेळ चावत बसणार? किल्ली मंगळवारी घरी आली. नवी अक्षरं एका जुन्या वहीत सापडली, असं अरिस्तिदेसने ह्यांना सांगितलंय. थापा मारता येत नाहीत त्या माणसाला, कान लाल झाले होते. हे वाद न घालता कामाला लागले. फळ्यांवर बोटं फिरवून दिव्यांच्या जागा मोजतायत आणि शीळ घालतायत.

शिडीवर अरिस्तिदेसचा जावई चढतो. गुडघे दुखतात, असं ह्यांनी कारण दिलंय. तू ये. माझ्याशेजारी निज.
मामी


सांता रुफिना, २८ डिसेंबर

चि. दायामीस,
अनेक आशीर्वाद.

मामीला समोर बसवून सांगतोय आणि ती लिहितेय. तू पंचवीसला दुपारच्या बसने गेलीस आणि सव्वीसला मामीने मला सगळं सांगितलं, परीक्षेचंही. दोन दिवस मी तुझ्यावर रागावलो होतो. एवढ्याशा गोष्टीसाठी वर्ष घालवायचं? मग मामीने विचारलं की न्हाव्याच्या दुकानाचं काय. आता राग नाही.

गर्दीत तू फटाक्यांच्या बाजूला होतीस, म्हणून पायरीवर काय झालं ते तुला दिसलं नसेल. पडदा पडला. लोक ओरडले. मी वर बघितलं, आणि पोरी, दिवे वेगळे होते. एकेक, आपापल्या जागी. गावाचं नाव काय लिहिलंय ते मला पाठच होतं, त्यामुळे वाचता आलं म्हणून मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. म्हटलं, म्हाताऱ्या, तू पाठांतर म्हणतोयस. पण मग मला दिसलं की रुफिनातल्या ‘एफ’च्या मधल्या आडव्या दांडीतला शेवटचा दिवा लागलेला नाही. ते काही मला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी अरिस्तिदेसला म्हटलं. त्याने डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला की खरंच की, आणि जावयाला वर पाठवलं. तो दिवा लागला तोही मी बघितला. मग मला फार रडू आलं. मामी म्हणते हे लिहू नका, पण लिही म्हटलं.

जिंकलो अर्थातच आपण. बगळेही चौकाच्या त्यांच्या बाजूला जिंकल्यासारखे नाचत होते, पण त्यांना दरवर्षीच तसं वाटतं.

काल शेडमध्ये मी आळीला डोळ्यांचं सांगितलं आणि किल्ली टेबलावर ठेवली. कोणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही, म्हणजे मीच एवढी वर्षं लपवल्याच्या भ्रमात होतो. तुझी अक्षरं आता सगळ्या गावाने बघितलीत, तेव्हा ती जुलैत खुशाल परीक्षकांपुढे मांड आणि खाली तुझं नाव घाल. माझं नको. कोपऱ्याचा नियम माझा, पण कोणासाठी किती जागा सोडायची हे मोजलंस तू.

पुढच्या वर्षी मनोऱ्याची अक्षरं कोण करणार, यावर बराच काथ्याकूट झाला. एकजण म्हणाला की जिने एकदा जाळलं तिच्याच हाती पुन्हा काडी द्यायची का? बेनिग्नो म्हणाला की दुधाने तोंड पोळलंय तिचं, आता ती ताकसुद्धा फुंकून पिईल. तुला द्यायचं ठरलं. अरिस्तिदेस वेगळं पत्र घालेल, त्याला हो म्हण.

माझी एक अट आहे. चाळीस वर्षांत चोवीस तारखेला पडद्यामागे काय आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं एकदाही झालं नाही. सगळं गाव श्वास धरून उभं असायचं आणि मी एकटा वायरी तपासत असायचो. पुढच्या वर्षापर्यंत या डोळ्यांना किती दिसेल ते सांगता येत नाही, पण मी पायरीवर सगळ्यांसारखा उभा राहणार आहे. मी विचारेन, गोड बोलेन, मामीला पुढे करेन. मला काही सांगू नकोस.

तुझा मामा,
वेन्सेस्लाओ